डावीकडचा डोंगर

नागपुरात बर्डीवर एक दुकान आहे, तिथे हव्या त्या मापाचा वॉलपेपर छापून मिळतो. एप्रिलमधल्या एका दुपारी तिथे एक ताई हॉलच्या भिंतीचं माप चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या होत्या. दहा फूट रुंद, साडेआठ फूट उंच, उजव्या कोपऱ्यात स्विचबोर्ड. काउंटरमागचा मुलगा पडद्यावर चित्रं सरकवत होता. धबधबा झाला, बांबूचं बन झालं, उधळलेले सात घोडे झाले. मग एक गाव आलं. काळ्या कड्याला बिलगून बसलेली, एकावर एक रचल्यासारखी घरं. गुलाबी, पिवळी, शेंदरी, मधेच एखादं विटकरी. खाली गडद निळा समुद्र आणि घरांतून नुकते लागलेले दिवे. ताई थांबल्या. "हे गाव कुठचं हाये हो भाऊ?" मुलगा मान वर न करता म्हणाला, "गूगलचं हाये, ताई." उत्तर दोघांनाही पुरलं. अडचण निघाली ती मापाची. फोटो तीनास दोन प्रमाणातला. उंची साडेआठ धरली की रुंदी पावणेतेरा फुटांवर जाते. "डावीकडून पावणेतीन फूट कापा लागते," तो म्हणाला. "तसंही तिकडे काही नाही. नुसता डोंगर हाये." ताईंनी मान डोलावली. माऊसची एक ओढ, आणि डोंगर गेला.

तिकडे काही नाही, हे वाक्य मात्र जागचं हलेना.

ते गाव मानारोला. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरियात, चिंक्वे तेर्रे म्हणजे 'पाच भूमी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच गावांपैकी एक. ला स्पेत्सियाकडून निघालं की क्रम असा लागतो: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा, मोन्तेरोस्सो. कापलेल्या पावणेतीन फुटांत मानारोल्याचे द्राक्षमळे होते. समुद्रावरून थेट वर चढणाऱ्या उतारावर माणसांनी शेकडो वर्षं खपून बांधलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला धरून ठेवणारी दगडी भिंत. कोकणात जिला गडगा म्हणतात तीच जात: सिमेंट नाही, चुना नाही, दगडात दगड बसवलेला. युनेस्कोने १९९७ मध्ये हा किनारा जागतिक वारशात घेतला तो रंगीत घरांइतकाच, किंबहुना थोडा जास्त, या गडग्यांसाठी. आणि असे कोरडे दगड रचण्याची विद्या २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्वतंत्रपणे गेली. दुकानातल्या मुलाची चूक म्हणता येत नाही. पाहायला जाणाऱ्यांतलेही बहुतेक जण घरांचा फोटो काढून डोंगराकडे पाठ करतात. पण त्या गावाला जायचा बेत आखायचा असेल, तर सुरुवात कापलेल्या तुकड्यापासून करावी. कधी जावं, पायात काय घालावं, कुठली वाट उघडी असेल, बॅग किती जड असावी, हे सगळं तिकडे ठरतं.

कोरड्या भिंतीचं गणित पाण्याचं असतं. दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपून जावं म्हणूनच तिला चुना लावत नाहीत. दर्शनी दगडांच्या मागे बारीक खडीचा थर असतो. पाऊस मातीतून त्या खडीत आणि खडीतून बाहेर येतो. सांधे मातीने किंवा मुळांनी बुजले की पाणी मागे तुंबतं, माती फुगते, आणि भिंतीला पोट येतं. गवंडी पोट दिसलं की तेवढा भाग उतरवून पुन्हा रचतो. तो दरवर्षी करायचा उद्योग आहे. आपल्याकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, एक पावसाळा सोडून दिला तर काय होतं ते वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथे तर धुरा माणसाच्या उंचीचा आणि खाली समुद्र. गेल्या शतकात तरुण मंडळी ला स्पेत्सियाच्या गोदीत, जेनोव्हाच्या कारखान्यांत गेली, मळे म्हाताऱ्यांच्या हाती राहिले, मग तेही सुटले. ज्यांनी धरून ठेवले ते बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेन्तिनो या जातींची द्राक्षं काढतात आणि त्यांतली काही वाळवून शाक्केत्रा नावाची गोड वाइन करतात. उतार इतका उभा की ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. तोडणीच्या दिवसांत एका रुळावरून चालणारी, दात्यांची, खेळण्यातल्यासारखी गाडी करंड्या घेऊन कुरकुरत वर-खाली करते. सप्टेंबरात गेलात आणि दरीतून लुनासारखा आवाज आला, तर तो तिचा.

घरांखाली आणखी एक गोष्ट आहे, फोटोत कधीच न येणारी. मानारोला, रिओमाज्जोरे, वेर्नात्सा या तिन्ही गावांची मुख्य गल्ली म्हणजे झाकलेला ओढा आहे. डोंगरातून समुद्राकडे जाणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर घरं उभी राहिली, आणि पुढे ओढ्यावर छत टाकून रस्ता केला. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत अफाट पाऊस पडला, सुटलेल्या मळ्यांच्या भिंती आणि माती खाली आली, ओढ्याला वाट उरली नाही, आणि वेर्नात्सा व मोन्तेरोस्सोच्या गल्ल्या चिखलाने भरल्या. वेर्नात्सात चिखल पहिल्या मजल्याला लागला होता. तिथे तीन माणसं गेली. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांनी पाहिली, अंबाझरी ओसंडून नागनदीने आपली जुनी जागा परत मागितली ती पहाट, त्यांना झाकलेल्या नाल्याचा स्वभाव वेगळा समजावून सांगायला नको.

यातून बेताची पहिली गोष्ट ठरते: महिना. नागपूरकराच्या हाती दोन सुट्ट्या असतात, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. दिवाळीची सुट्टी नेमकी लिगुरियाच्या पावसात पडते. भूमध्य किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्याच्या तोंडाशी येतो. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, वरून गार हवा आली की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढग एकाच डोंगरावर तासन् तास अडून बसतात. २०११ चा तो दिवस लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा होता. दिवाळीत जाऊच नये असं नाही. उजेड सुंदर असतो, खोल्या स्वस्त होतात, गर्दी ओसरते. पण तेव्हा दोन दिवस जास्तीचे धरावे, आणि हवामानाचा इशारा लागला की पायवाटा बंद होतात हे मनाशी पक्कं असावं. होड्याही थांबतात. तशा त्या हंगामी, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि समुद्र उसळला की भर उन्हाळ्यातही सुटत नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी घ्यायची तर मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, ही एरवी घामाने भरपाई करावी लागणारी सवलत इथे कामी येते. जुलै-ऑगस्ट टाळावा. पंचेचाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला तिथला तीस अंश म्हणजे कूलरसमोर बसल्यासारखा वाटेल खरा, पण सावली नसलेल्या पायवाटेवर दमट हवेतला तीस अंश वेगळा असतो, आणि १५ ऑगस्टच्या आसपास निम्मी इटली समुद्रावर आलेली असते.

दुसरी गोष्ट गुडघे.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. कोर्निल्या, पाचांपैकी सर्वांत उंच बसलेलं गाव, फक्त १०० मीटरच्या आसपास. तरी दम लागतो तो कोर्निल्यात. आपली उंची पसरलेली आहे, सायकल सोडली तर जागेवर उभी राहील अशी. त्यांची उंची एका जिन्यात भरलेली. स्टेशन खाली समुद्राजवळ, गाव कड्यावर, आणि दोघांच्या मधे लार्दारिना नावाचा विटांचा नागमोडी जिना: ३३ वळणं, पायऱ्या ३८० च्या घरात. स्टेशनावरून छोटी बसही वर जाते, पण एकाच गाडीतून उतरलेले सगळे तिच्याच दिशेने धावतात. बाकी गावांत एवढा मोठा एकच जिना नाही, पण सपाट असंही काही नाही. घराचं दार एका गल्लीत उघडतं आणि त्याच घराचा तिसरा मजला वरच्या गल्लीत. ज्यांना रोज सेमिनरी हिल्सवर फिरायची सवय आहे त्यांना फार जड जाणार नाही. इतरांनी निघण्याआधी दोन महिने रविवारी रामटेकला गाडी खालीच ठेवून पायऱ्यांनी चढावं. आणि चढण्याइतकंच उतरणं मोजावं, कारण गुडघा उतरताना बोलतो. आई-वडिलांना नेताना मानारोला किंवा मोन्तेरोस्सो निवडावं. मोन्तेरोस्सोचा फेजिना नावाचा नवा भाग तर खरोखर सपाट आहे, आणि वाळूचा बरा लांबरुंद किनाराही तिथेच. मानारोल्यात वाळू नाही. तिथे पोरं खडकावरून खोल पाण्यात उड्या मारतात आणि शिडीने वर येतात. फुटाळ्याच्या चौपाटीवर वाढलेल्या माणसाने हे काठावरून पाहावं.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, महाराष्ट्रातल्यांसाठी इटलीच्या मुंबईतल्या वकिलातीच्या कक्षेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला एरवी पंधरा दिवस, ताणला तर पंचेचाळीस. मे महिन्याच्या प्रवासासाठी जानेवारीत तारीख शोधायला बसावं, कारण अर्जापेक्षा भेटीची वेळ मिळणंच अवघड जातं. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. आरोग्यविमा किमान ३०,००० युरोंचा आणि परतीच्या तारखेपर्यंत. एक दिवस कमी पडला तरी अर्ज अडतो. पासपोर्ट परतल्यानंतर तीन महिने तरी चालू हवा. अर्ज त्या देशाकडे, जिथे रात्री जास्त. तीन रात्री इटलीत आणि पाच पॅरिसमध्ये असा बेत असेल तर इटलीच्या खिडकीत उभं राहून उपयोग नाही. आणि खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक टाकलेली मोठी रक्कम कोणालाही फसवत नाही.

सामानात काय घेऊ नये हेही इथेच. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे खव्याची संत्राबर्फी गेली, साजूक तुपाची बरणी गेली. आणि संत्रंही गेलं: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन सोडून बाकी ताज्या फळाला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नागपुरातून निघावं आणि संत्रं नेता येऊ नये, हा अपमान गिळावा लागतो. जवसाची चटणी, तिखट, भाजलेले शेंगदाणे यांना कोणी हरकत घेत नाही.

मुंबई किंवा दिल्लीहून मिलानला उतरलं की मिलानो चेन्त्रालेहून ला स्पेत्सियाला थेट गाडीने तीन तासांच्या आसपास. पिसाहून एक तास. ला स्पेत्सिया आणि लेवान्तो ही दोन टोकं, त्यांच्यामधे पाचही गावांना थांबत जाणारी छोटी गाडी हंगामात तासाला दोन-तीनदा असते. दोन गावांमधलं अंतर दोन ते चार मिनिटांचं. समुद्र पाहत जायचं स्वप्न इथे मोडतं: रूळ जवळजवळ सगळे बोगद्यांत आहेत, एकोणिसाव्या शतकात खोदलेल्या वाटेवरचे. ला स्पेत्सियाकडून जाताना डावीकडे बसावं; मधेच तीन-चार सेकंद निळं काहीतरी लखकन् दिसतं आणि पुन्हा अंधार. काही फलाट तर निम्मे बोगद्यातच. शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाच्या दाराबाहेर वेर्नात्सात नुसती काळी भिंत येते, तो हे स्टेशन नव्हेच असं समजून बसून राहतो आणि मोन्तेरोस्सोला उतरतो. म्हणून मधल्या डब्यात बसावं आणि स्टेशनं मोजावीत. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ते छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस 'पहिल्यांदाच आलो हो' ऐकून घेत नाही. दिवसभराचं कार्ड मिळतं, त्यात गाड्याही येतात आणि शुल्काच्या पायवाटाही. त्याची किंमत गर्दीच्या दिवसांप्रमाणे बदलते, हंगामात साधारण वीस युरोंपासून तीसच्या वर. दिवसात तीन-चार वेळा चढणार-उतरणार असाल तरच ते फिटतं. संपाचा दिवस आला तर घाबरू नये: कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात.

आता ज्या गोष्टीवर घरोघर भांडण होतं ती. पाच गावं एका दिवसात करायची का?

करता येतात. गाडीचं वेळापत्रक तसं सांगतं, आणि आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या कागदावर 'पाच गावे: पूर्ण दिवस' अशी एक ओळ असतेच. त्या दिवसाचा खरा हिशेब असा. दहाच्या सुमाराला ला स्पेत्सियाच्या बंदरात लागलेल्या क्रूझ जहाजांचे लोक आणि तुम्ही एकाच फलाटावर. पहिली गाडी भरून जाते. प्रत्येक गावात उतरून बोगद्यातून बाहेर यायला दहा मिनिटं, परतीच्या गाडीसाठी वीस, गल्लीत माणसांमागे माणूस. दुपारी दोन-अडीचला भूक लागते आणि तीनच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद होतात ती सातला उघडतात. चौथ्या गावापर्यंत पहिलं कुठलं होतं ते आठवत नाही. पाच गावांचा अर्धा दिवस मोबाइलमध्ये येतो आणि उरलेला अर्धा फलाटावर जातो. एक गाव मुक्कामाला, दोन रात्री. एक गाव चालत. एक गाव गाडीने. उरलेली दोन पाहिली नाहीत म्हणून काही अडत नाही. 'एवढं लांब आलो तर' हे वाक्य विमानतळावरच सोडून यावं.

मुक्कामाला खोली घेताना रेटिंगच्या चांदण्यांपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: स्टेशनापासून पायऱ्या किती, आणि किल्ली कोण, कुठे, किती वाजेपर्यंत देणार. इथे हॉटेलं थोडी, घरातल्या भाड्याच्या खोल्याच जास्त. मालकीणबाई दुसऱ्याच गल्लीत राहते आणि आठनंतर फोन उचलेलच असं नाही. समुद्र दिसणारी खोली म्हणजे बहुधा सगळ्यांत वरची खोली. गल्ल्यांत मोटार येत नाही, हमाल नाही, चाकाची मोठी बॅग पायऱ्यांवर धडधडत जाते तेव्हा वरच्या खिडकीतून कोणीतरी पाहतं. मोठी बॅग ला स्पेत्सियाच्या स्टेशनावर सामानघरात ठेवून दोन रात्रींपुरती पाठपिशवी घेऊन जाणं सगळ्यांत सोपं. पैसे वाचवायचे तर ला स्पेत्सिया किंवा लेवान्तोत राहावं. फक्त एक जातं: नऊनंतरचं गाव. दिवसाचे लोक गेलेले असतात, गल्लीत घरासमोर ठेवलेल्या होड्यांवर मांजरं बसलेली. हो, होड्या गल्लीतच. मानारोल्याला धड बंदर नाही, समुद्र खवळला की होड्या यारीने उचलून वर आणतात आणि आपल्याकडे दारात स्कूटर लावावी तशा लावून ठेवतात.

चालायची वाट निवडताना जुन्या माहितीवर विसंबू नये, कारण डोंगर ती माहिती दर पावसाळ्यात बदलतो. समुद्राकाठच्या, 'निळी वाट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पायवाटेचे मोन्तेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्निल्या हे दोन टप्पे साधारण दीड-दोन तासांचे, शुल्काचे आणि खडबडीत. कोर्निल्या ते मानारोला हा खालचा टप्पा दरड कोसळल्यापासून वर्षानुवर्षं बंद; त्याऐवजी वोलास्त्रा या वरच्या वाडीवरून जाणारी वाट आहे. तिची पहिली चढण छाती काढते, पण पुढे मळ्यांच्या मधोमध, गडग्यांच्या डोक्यावरून सरळ चालत येते. एकच वाट करायची तर हीच. दोन्ही बाजूंना हाताला लागतील असे दगड, वाळलेल्या गवताचा वास, आणि खूप खाली गाव, पाठीमागून पाहिलेलं, नुसती पाटीदगडाची करडी छपरं. रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रेमाची वाट, विया देल्लामोरे, जेमतेम एक किलोमीटरची. २०१२ मध्ये दरड पडून चार पर्यटक जखमी झाले तेव्हा बंद झाली ती दुरुस्त होऊन उघडायला २०२४ उजाडलं. तिला वेगळं, वेळ ठरवून घ्यायचं तिकीट आहे. बारा वर्षं एका किलोमीटरला, असं कोणी हसलं तर त्याला वरचा कडा दाखवावा. आणि चपला घालून वाटेवर जाऊ नये. हा सल्ला नाही, नियम आहे: सपाट तळाच्या चपला-सँडल घालून पायवाटेवर सापडल्यास ५० ते २,५०० युरो दंड होऊ शकतो. दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात, आणि पाय मुरगळलेल्या माणसाला तिथून उचलून न्यायला बचाव पथकच लागतं.

शाकाहारी माणसाचं इथे बरं चालतं, एक अट सांभाळून. ही तुळशीच्या एका बहिणीची, बेझिलची, भूमी आहे. तिच्या पानांचं वाटण म्हणजे पेस्तो, तो इथलाच, बटाटा आणि फरसबी घालून उकडलेल्या त्रोफिए नावाच्या पिळदार शेवयांना तो लावतात. त्यात लसूण आणि चीज असतं, म्हणून जैन मंडळींना चालणार नाही. अट ही, की अँचोव्ही नावाची बारीक मासळी मोन्तेरोस्सोचा अभिमान आहे आणि ती न विचारता कुठेही हजर होते, फोकाच्चावर, सॅलडमध्ये, भरलेल्या भाजीत. 'सेन्त्सा कार्ने' म्हणजे मांस नको, एवढ्यावर थांबू नये. 'सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अच्चुगे' हेही जोडावं. पण ज्याचं नाव इथे कोणी फारसं घेत नाही आणि जे वऱ्हाडी जिभेला पटकन ओळखू येतं ते फरिनाता. बेसन एक भाग, पाणी तीन भाग, चार-पाच तास भिजत ठेवायचं, वरचा फेस काढायचा, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल, मग तांब्याच्या मोठ्या परातीत बोटाच्या अर्ध्या पेराहूनही पातळ ओतून धगधगीत भट्टीत. वरून करकरीत, आतून पिठल्यासारखं लुसलुशीत. गरम असतानाच खावं, गार झालं की चिवट होतं. मिरपूड घालतात. तर्री मिळत नाही, पण पिशवीत जवसाची चटणी असते.

उरला तो फोटो.

मानारोल्याच्या स्टेशनातून पादचाऱ्यांचा लांब बोगदा गल्लीत आणून सोडतो. डावीकडे वळून उतारावरून होड्यांच्या धक्क्यापर्यंत जायचं, समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला कड्याला चिकटून एक वाट वर जाते. दहा मिनिटांत पुन्ता बोनफिल्यो. जगभरच्या भिंतींवरचा, कॅलेंडरांवरचा, चॉकलेटच्या डब्यांवरचा तो फोटो इथून किंवा इथे येणाऱ्या वाटेवरून काढलेला असतो. सकाळी येऊन उपयोग नाही. पूर्वेला डोंगर असल्यामुळे गाव बराच वेळ सावलीत राहतं, रंग मळके दिसतात. ऊन घरांवर यायला दुपार कलावी लागते. जूनमध्ये सूर्य नऊनंतर बुडतो, म्हणजे नागपूरच्या सवयीने जेवण उरकून अंथरूण घालायच्या वेळेला. आणि दिवे लागून समुद्र अजून निळा असण्याची घटका त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी येते, दहा-पंधरा मिनिटं टिकते. जागा धरायला तासभर आधी जावं. भिंतीवरच्या फोटोइतके रंग डोळ्याला दिसत नाहीत हे आधीच माहीत असलेलं बरं. खारी हवा रंग खाते, पोपडे निघतात, हिरव्या झडपांच्या खाली पावसाचे ओघळ असतात. कोळ्यांना समुद्रातून आपलं घर ओळखू यावं म्हणून घरं रंगवली, अशी गोष्ट तिथे सांगतात. ती खरी असो नसो, सांगायला चांगली आहे.

त्या टोकावर कठड्याला टेकलेल्या माणसाच्या पाठीशी एक भिंत आहे, भिंतीच्या आत मानारोल्याची दफनभूमी. गावाने आपल्या माणसांना गाव सगळ्यांत चांगलं दिसेल तिथे ठेवलं आहे. फोटो काढणाऱ्यांच्या रांगेतून एखादी म्हातारी फुलांचा झुबका घेऊन वाट काढत जाते, कोणीतरी मोबाइल खाली करून तिला जागा देतं, आणि पुन्हा सगळे समोर वळतात. गावात शिरलं की गाव दिसत नाही. दिसते ती गल्ली, वरची पट्टीएवढी आकाशाची चीर, ओल्या दगडांचा आणि तळणीचा वास, कोणाच्या तरी दोरीवरची चादर. त्या सुंदर घरांत राहणाऱ्यांना खिडकीतून समोर काय दिसत असेल, तर समुद्र, आणि बाजूला हे टोक, दफनभूमीच्या भिंतीला टेकून आपल्याकडे रोखून पाहणारे शेदोनशे लोक. डाव्या हाताला, कठड्यावरून थोडं वाकून पाहिलं तर, मळे. डिसेंबरच्या आठ तारखेपासून त्याच उतारावर येशूजन्माचा मोठा देखावा दिव्यांनी उजळतो. गावातल्या मारिओ अन्द्रेओली नावाच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने टाकाऊ सामानातून आकृत्या करून तो उभा केला. एरवी वर्षभर त्या उतारावर एखादाच माणूस दिसतो, वाकलेला, दगड खालीवर करणारा. इतक्या लांबून त्याच्या हातातला दगड ऐकू येत नाही.

बर्डीवरच्या दुकानात तो वॉलपेपर दोन तासांत निघाला, अडीच-अडीच फुटांच्या चार पट्ट्यांत. मुलाने ताईंना समजावलं: भिंतीला पोपडे असतील तर आधी घासून घ्या, ओल असेल तर लावूच नका, पट्टी वरून खाली बसवा नाही तर आत हवेचे फुगे राहतात. चौथ्या पट्टीत स्विचबोर्ड समुद्रात येत होता, त्याला इलाज नव्हता. घराला बाहेरून ओल आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. ताई म्हणाल्या, "पावसाळ्यात येते थोडी." मुलगा जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, "मंग पहिले ते पाहा, ताई. कागद कितीही चांगला राहो, भिंतच फुगली तर तो काय करन."

रंग तपासायला त्याने आधी पूर्ण फोटोची एक छोटी प्रत साध्या कागदावर काढली होती, कापण्याआधीची. ती काउंटरवर पडून राहिली. ताई गुंडाळी घेऊन गेल्यावर त्याने डबा उघडला आणि तेल लागू नये म्हणून ती प्रत डब्याखाली सरकवली. गावावर डबा बसला. डावीकडचा डोंगर तेवढा बाहेर राहिला होता.